अठरावी खाच

१

दादा खुर्चीत बसल्या बसल्याच गेले होते. डावा डोळा मिटलेला, उजवा टक्क उघडा. उजव्याची पापणी हयातीतही कधी पुरती मिटली नव्हती, कारण तो डोळा काचेचा होता आणि दादांनी तो स्वतःच्या हातानं घडवला होता. दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाला वाटायचं, म्हातारा आपल्याकडेच बघतोय. दोन धट्टेकट्टे शिपाई तर आत येऊन चक्क भिंतीकडे तोंड करून उभे होते.

बाई मात्र सरळ समोर गेल्या. दादांच्या पाठची ही बहीण. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, म्हणून घरीदारी सगळे त्यांना बाईच म्हणत. बातमी कळताच पहिल्या गाडीनं आल्या होत्या. भावाच्या त्या उघड्या डोळ्यावर त्यांनी रुमाल टाकला, भिंतीला टेकून पोटभर रडल्या आणि मग नाक पुसून इन्स्पेक्टरला म्हणाल्या, "हं, सांगा आता. कशानं गेला माझा भाऊ?"

"सोमल. रात्रीच्या दुधातून."

सोमल म्हणजे काय, हे त्या घरात कोणाला विचारावं लागत नव्हतं. वर घर, त्याच्या खालच्या मजल्यावर काचेचे डोळे बनवायचा कारखाना, आणि तिथून जिना उतरला की अंगण. काच नितळ उतरावी म्हणून रसात जे पांढरं चूर्ण मिसळतात तेच हे. काचेला अमृत आणि माणसाला जहर.

"आणि दूध कोणी दिलं?"

"सुनेनं. रोज तीच देते." इन्स्पेक्टरनं खांदे उडवले. "संध्याकाळी गाडी येईल, तिला घेऊन जाऊ."

स्वयंपाकघराच्या दारात सून उभी होती. दादांचा मुलगा जाऊन दोन वर्षं झालेली, आणि चार वर्षांची पोर आईच्या पायाला मिठी मारून. "आत्या, मी नाही हो," ती एवढंच म्हणाली. "मला नेलं तर हिला कोण बघेल?"  या सुनेनं मुंगी मारलेली बाईंनी पाहिली नव्हती. पण पोलिसांना मुंग्यांची साक्ष चालत नाही.

इन्स्पेक्टर जरा घुटमळला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, तुम्ही गणिताच्या ना? मग जरा खाली चला. एक गोष्ट माझ्या डोक्यात बसत नाहीये."

२

कोठारात जायचं तर डोळ्यांच्या दालनातून जावं लागे. भिंतभर उथळ खण, खणात कापूस, कापसावर डोळे. घारे, काळे, तपकिरी, लहान मुलांचे इवलेसे. ऊन खिडकीतून सरकत आलं की ओळीनं एकेक डोळा जागा झाल्यासारखा चमकायचा. बाई लहानपणापासून इथे वावरलेल्या, तरी आज त्यांनी नजर पायांवरच ठेवली.

कोठारात इन्स्पेक्टरनं दार लोटून घेतलं. कोनाड्यात चिनीमातीची उंच बरणी होती, सोमलाची. आत एक लाकडी पट्टी, तिच्यावर खालपासून वरपर्यंत तीस खाचा.

दादांची एक रीत होती. त्यांना कागदपत्राचा तिटकारा. म्हणायचे, विषाचा हिशेब चार माणसांच्या कानावर पाहिजे. महिन्याच्या सुरुवातीला बरणी तिसाव्या खाचेपर्यंत भरायची. ज्याला लागेल त्यानं दादांना विचारून घ्यायचं, आणि दुपारी सगळे जेवायला बसले की मोठ्यानं सांगायचं, भरल्या बरणीतला कितवा हिस्सा घेतला ते. बस्स. इतकी वर्षं कारखाना त्यावर चालला.

"काल बरणी भरलेली होती," इन्स्पेक्टर म्हणाला. "सकाळी भट्टीवाल्यानं अर्धी नेली. मग बुबुळं रंगवणाऱ्या मावशींनी पांढऱ्या मिन्याच्या रंगासाठी तिसरा हिस्सा नेला. जेवताना दोघांनी सांगितलं, सगळ्यांनी ऐकलं. आता तुम्ही सांगा, उरायला किती हवं?"

"त्यात काय? अर्धा आणि तिसरा हिस्सा तसेच एकमेकांत मिळवता येत नाहीत, आधी एकाच मापात आणायचे," बाईंच्या तोंडून वर्गातला सूर आपसूक निघाला. "बरणीचे सहा भाग करा. अर्धी म्हणजे त्यातले तीन, तिसरा हिस्सा म्हणजे दोन. पाच गेले, एक उरला. सहावा हिस्सा. तुमच्या पट्टीवर पाच खाचा."

"आणि खुन्यानं चमचाभर चोरला असेल, तर?"

"एक चमचा म्हणजे एक खाच. चार."

इन्स्पेक्टरनं पट्टी बरणीत सोडली आणि वर काढून बाईंच्या पुढे धरली. पांढरं चूर्ण अठराव्या खाचेपर्यंत चिकटलं होतं.

"कमी भरलं असतं तर मला समजलं असतं, बाई. चोरीत वस्तू कमी होते. इथे अर्धी बरणी नेली, वर आणखी तिसरा हिस्सा नेला, तरी बरणी अर्ध्याहून जास्त भरलेली!" त्यानं कपाळ पुसलं. "हा आकडा मी अजून कोणाला बोललो नाहीये. तुम्हीही बोलू नका."

बाहेर काहीतरी धप्पकन पडलं. बाईंनी दार उघडलं, तर भट्टीवाला जमिनीवर बसलेला, तोंडचं पाणी पळालेलं.

"ती बरणी भरतेय ना, बाई?" तो म्हणाला. "मला माहीतच होतं."

३

भट्टीवाला म्हणजे दारात मावणार नाही असा गडी. रोज आगीशी खेळणारा, पण भुताचं नाव काढलं की पाचावर धारण.

"सकाळी पोलिसांनी कोठारातलं सामान काढून दाखवायला सांगितलं, म्हणून बरणी उचलली," तो सांगू लागला. "हात खाली ओढला गेला माझा! काल रिकामी झालेली बरणी, बाई. वजन कुठून आलं? दादांचा जीव आहे त्यात."

"तुझ्या जिवात जीव आण आधी. तू काल नक्की अर्धी नेलीस? की जेवताना थाप मारलीस?"

"थाप? मी पट्टी घालून पंधरा खाचा मोजून नेला. मावशी शेजारीच उभ्या होत्या. त्यांना विचारा की."

मावशींना विचारलं. मावशी म्हणजे काडीसारखी बारीक बाई, बोटांना कायम रंग. दादा गेल्याचं कळल्यापासून त्या एकाच निळ्या बुबुळावर कुंचला फिरवत बसल्या होत्या. ते आता पार काळं झालं होतं.

"नेला ना त्यानं. माझ्यादेखत," मावशी म्हणाल्या. "मग मी दहा खाचा घेतला. बरणी तिरकी करून खरवडावं लागलं मला. तळाला पाच उरला होता, या डोळ्यांनी पाहिलं. झाकण लावलं, किल्ली स्वयंपाकघरात खिळ्याला टांगली."

म्हणजे किल्ली सगळ्यांची आणि कोणाचीच नाही. बाई मनाशी म्हणाल्या, ठीक आहे, भूत तर भूत. पण भूत सोमल आणणार कुठून? काही झालं तरी वस्तू कुठूनतरी यावी लागते.

त्यांनी इन्स्पेक्टरची परवानगी घेतली, नाकाला फडकं बांधलं आणि बरणीतलं वरवरचं चूर्ण एका काचेवर घेतलं. उजेडात धरलं. रंग पांढराच, पण किंचित करडा आणि कणीदार. चांगली नजर असलेल्या माणसाला सहज कळावं इतका फरक.

"मावशी, हे काय आहे?"

मावशींनी चिमटीभर घेऊन तापल्या पत्र्यावर टाकलं. कण तडतडले, फुगले आणि त्यांच्या पांढऱ्या लाह्या झाल्या.

"अगं बाई! हा तर टाकणखार," मावशी म्हणाल्या. "काच लवकर वितळावी म्हणून घालतो तो. शेजारच्याच फळीवर डबा असतो. त्याला कोणी कुलूप लावत नाही, मोजतही नाही."

भट्टीवाल्यानं सुटकेचा श्वास टाकला. भूत नव्हतं तर! बाईंना मात्र जास्तच गारठल्यासारखं झालं. बरणी कोणीतरी हातानं भरली होती. दादा वर खुर्चीत मरून पडलेले असताना या घरातलं कोणीतरी इथे उभं राहून, पट्टी बुडवून बुडवून, खाचा मोजत होतं.

आणि त्याला बरोबर अठराच हवे होते.

४

चोरी झाकायची तर चोरलं तेवढं भरायचं. चमचाभर सोमल गेला तर चमचाभर टाकणखार टाकला की झालं. पाच खाचा झाल्या असत्या, इन्स्पेक्टरनं मान डोलावली असती आणि विषय संपला असता. अठरापर्यंत भरायचा वेडेपणा कोण करेल?

ज्याला मनापासून वाटतं की अठराच उरायला हवेत, तो.

भट्टीवाला तसा नाही, त्यानं पंधरा उरलेले पाहिले होते. मावशीही नाहीत, त्यांनी तळाचे पाच पाहिले होते. म्हणजे ज्यानं बरणी पाहिली नाही, फक्त जेवताना कानावर आलेलं ऐकलं, असा माणूस. त्या वेळी जेवायला हे दोघं आणि दादा सोडले तर दोनच मोठी माणसं होती. एक सून. दुसरा धाकटा.

धाकटा म्हणजे बाईंचा सख्खा भाऊ. तिघा भावंडांतलं शेंडेफळ.

बाई आधी सुनेकडे गेल्या. देवा, असं माणसाच्या मनात कधी येऊ नये, पण त्यांना क्षणभर वाटून गेलं की हिनंच केलं असेल तर बरं. लगेच स्वतःचीच लाज वाटली.

सून मुलीचे कपडे घडी करून पिशवीत भरत होती. बाईंनी तिच्या हातातलं पांघरूण घेतलं. "हे बघ, सहज विचारते. याचा अर्धा भाग एकीला दिला, तिसरा हिस्सा दुसरीला, तर आपल्याला काय उरलं?"

सुनेनं त्यांच्याकडे असं पाहिलं की आत्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय की काय. पण हात सवयीनं चालले. पांघरुणाच्या सहा सारख्या पट्ट्या पाडून घडी घातली, तीन इकडे, दोन तिकडे.

"ही एक पट्टी. पोरीचं झबलं होईल जेमतेम," ती म्हणाली. आणि मग एकदम रडायलाच लागली. "आत्या, आजच कसं हो? मामंजी परवाच म्हणाले, पुढच्या महिन्यापासून पारखायच्या टेबलावर तू बस. पगार घे, मान वर करून जग. पहिल्यांदाच मला वाटलं की आता आपलं बरं होईल."

बाई तिच्याशेजारी खाली बसल्या.

"पारखायच्या टेबलावर? तिथे तर धाकटा बसतो."

"हो. काकांना सांगितलंय म्हणाले. खराब डोळे चांगल्यात जायला लागले होते. गिऱ्हाइकांनी परत पाठवले."

५

धाकटा घरात मृत्यू झालेला असतानाही टेबलाशी बसला होता. माणसाला दुःखात हाताला काहीतरी काम लागतं, म्हणून कोणी त्याला हटकलं नव्हतं. समोर डोळ्यांचे ट्रे. तो एकेक डोळा उचलायचा, बोटांत गोल गोल फिरवायचा, नाकाला लागेल इतका जवळ धरायचा आणि मग या नाहीतर त्या पेटीत टाकायचा.

बाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. त्यानं एक घारा डोळा चांगल्याच्या पेटीत टाकला. त्या डोळ्याला बुबुळाच्या मधोमध तडा होता. बाईंना तो दारातून दिसला.

बाईंना ओरडून परत फिरावंसं वाटलं. घरी जावं, गाडी पकडावी. पण खाली अंगणात पोर आईला विचारत होती, "पिशवी कशाला भरलीस?" बाई आत गेल्या आणि त्याच्या शेजारी बसल्या.

"कसं चाललंय रे?"

"चाललंय. या ट्रेमधून दोन काढले, एक खराब. त्या दुसऱ्या ट्रेमधून तीन काढले, एक खराब."

"मग दोन्ही मिळून?"

"पाचात दोन खराब." त्यानं क्षणाचाही विचार केला नाही. "तीस वर्षं हेच करतोय, ताई. दोनात एक, तिनात एक, पाचात दोन. वरचे वरच्यांत, खालचे खालच्यांत."

 या टेबलावर ते बरोबरच होतं. इथे दोन डोळे वेगळे, तीन वेगळे, मिळून खरोखरच पाच होते आणि त्यातले दोन खरोखरच खराब. असंख्य मुलांच्या वह्यांत त्यांनी हीच बेरीज लाल रेघेनं खोडली होती. आणि इथे त्यांचा भाऊ तिच्यावर तीस वर्षं पोट भरत होता.

"आणि काल बरणीत किती उरायला हवं होतं?" त्यांनी अगदी त्याच सुरात विचारलं. "भट्टीवाल्यानं अर्धी नेली, मावशींनी तिसरा हिस्सा."

बोटं डोळा फिरवतच होती. "दोनात एक, तिनात एक. पाचात दोन गेले, पाचात तीन राहिले. तिसातले अठरा."

बोटं थांबली.

"अठरा," बाई म्हणाल्या. "पण हे म्हणजे एकाच बरणीचे हिस्से होते रे. दोन वेगळे ट्रे नव्हते. अठरा या जगात तुझ्याशिवाय कोणाला वाटले नसते."

६

त्यानं नाकारलं नाही. खाई त्याला खवखवे. उलट कधी एकदा बोलतो असं त्याला झालं होतं.

"दादा म्हणाला, तुला दिसत नाही, ऊठ. म्हटलं, थोडं थोडं दिसतं. म्हणाला, थोड्यावर गिऱ्हाइकाचा डोळा बसवायचा नसतो. ताई, हे टेबल गेलं की मी कोण? कोपऱ्यातला आंधळा काका." तो बोटं चोळत होता. "संध्याकाळी दूध निवत ठेवलं होतं, त्यात टाकला. घाईत बरणी आडवी करून एकच चमचा घेतला गं, किती उरलाय ते चाचपलंही नाही. आईशप्पत, एकच."

"आणि सकाळी?"

धाकट्याचा आवाज इतका बारीक झाला की बाईंना वाकावं लागलं. "सकाळी सगळे रडत होते. म्हटलं, एक चमचा कळतोय का बघू. पट्टी घातली, बोटानं खाचा चाचपल्या. चार! अठरातले चारच! मी एक घेतला, मग बाकीचे तेरा कोणी नेले? दार बंद, किल्ली खिळ्याला. वर आलो तर दादा त्या एका डोळ्यानं बघतोय. मला कळलं, त्यानंच केलं. मेल्यावर उठला, बरणी रिकामी केली आणि परत जाऊन बसला. मला पकडून द्यायला. मी घाईघाईनं भरली." त्यानं बाईंचं मनगट धरलं.  "ताई, तू शिकलेली आहेस. तूच सांग. ते तेरा गेले कुठे?"

त्याला अजूनही कळलं नव्हतं!  बाईंनी ट्रेमधले सहा डोळे उचलून टेबलावर ओळीनं मांडले आणि त्याचा हात त्यांच्यावर ठेवला.

"ही बरणी. याचे अर्धे काढ."

त्यानं चाचपून तीन बाजूला केले.

"आता सगळ्या सहांचा तिसरा हिस्सा."

त्यानं दोन काढले. बोटं चाचपत राहिली. एकच डोळा उरला होता. तो सरळ त्याच्याकडे बघत होता, पण ते त्याला दिसत नव्हतं.

"एक," तो म्हणाला. "सहातला एक. म्हणजे पाच खाचा. मी एक घेतला... चार." त्यानं दीर्घ श्वास घेतला. "चारच होते. बरोबर होते. म्हणजे कोणी नेलंच नव्हतं?"

"कोणीही नाही."

"दादा उठला नव्हता?"

"नाही रे बाळा. दादा मेलाय. तू मारलास."

आणि धाकट्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बाईंना जन्मात विसरता येणार नव्हतं. त्याला बरं वाटलं होतं. सकाळपासून मानगुटीवर बसलेलं भूत उतरलं होतं, आणि तो लहान मुलासारखा हुंदके देत हसत होता.

"बरणीला हात लावला नसतास, तर मला काहीच कळलं नसतं," बाई म्हणाल्या. "ती बिचारी सून आत्ता तुरुंगात गेली असती. तिचा विचार तरी केलास?"

"नाही आला मनात. खरंच नाही आला." मग त्याचं हसू थांबलं. खाली गाडी आल्याचा आवाज झाला होता. "ताई, आता आपण दोघंच उरलो गं. तू नाही ना सांगणार? ती तरुण आहे, सुटेल कधीतरी. मी या वयात..."

खालून पोरीचा आवाज आला. "आईला नको नेऊ! आईला नको नेऊ!" शिपाई काहीतरी समजुतीचं बोलत होते, त्यानं ती आणखीनच किंचाळत होती.

बाईंनी डोळे मिटले. एक भाऊ वर रुमालाखाली होता. दुसऱ्यानं त्यांचं मनगट धरलं होतं, लहानपणी अंधारात धरायचा तसंच घट्ट. आईच्या मागे त्यांनीच याला भरवलं होतं, न्हाऊ घातलं होतं. त्याच्यावर त्यांची माया होती, अजूनही होती, आणि त्या मायेचा त्यांना या क्षणी संताप येत होता.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "चपला घाल."

"ताई..."

"ऊठ म्हणते ना. मी धरते तुला. जिन्यात तुला दिसायचं नाही."

तो उठला. लहानपणीही ताईनं ऊठ म्हटलं की उठायचा. डोळ्यांच्या दालनातून दोघं हळूहळू गेली. ऊन कलून त्या खणांवर आडवं पडलं होतं आणि दोन्ही भिंती लकाकत होत्या. बाईंनी या वेळी मान खाली घातली नाही. बघू देत सगळ्यांना. जिन्यात त्यांनी त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि पायरी आली की सांगत गेल्या, जपून, इथे जरा खोल आहे, आता वळण.

अंगणात सून पिशवी घेऊन उभी होती आणि शिपाई तिच्या कमरेपासून मुलीचे हात सोडवत होता.

"सोडा तिला," बाई म्हणाल्या. मग धाकट्याचा हात आपल्या खांद्यावरून उचलला आणि इन्स्पेक्टरच्या हातात दिला. त्यांचा आवाज फुटत होता, पण शब्द स्पष्ट आले.

"माझ्या भावाला यानं मारलं. याला न्या. आणि हाताला धरून न्या साहेब, गाडीची पायरी उंच आहे. त्याला दिसत नाही."